गॉटिंगेनला शिकायला जाताना : अर्जापासून प्रबंधापर्यंत

जर्मनीत शिकायला जायचे ठरले की म्युनिक, आखेन, बर्लिन ही नावे लगेच पुढे येतात. गॉटिंगेनचे नाव मात्र गणित, भौतिकशास्त्र किंवा संस्कृत या विषयांशी ज्यांचा जवळून संबंध आला आहे त्यांच्याच तोंडून सहसा ऐकू येते. जर्मनीच्या साधारण मध्यावर, लोअर सॅक्सनी राज्याच्या दक्षिणेला, लाइने नदीच्या काठी सुमारे सव्वा लाख वस्तीचे हे गाव आहे आणि त्याचे विद्यापीठ १७३७ साली रीतसर सुरू झाले. पदवीनंतर मास्टर्ससाठी तिथे जाऊ पाहणाऱ्या, घरात यापूर्वी कोणी परदेशी शिकलेले नाही अशा विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. शुल्क, मुदती आणि व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात; त्यामुळे इथे दिलेला प्रत्येक आकडा अर्ज करण्याच्या दिवशी विद्यापीठाच्या आणि जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा ताडून पाहावा.

आधी विद्यापीठाचा स्वभाव ओळखा

कागदपत्रांकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण तिथल्या आजच्या शिकवण्याच्या पद्धतीचे मूळ त्यात आहे. हॅनोव्हरचा शासक आणि त्याच वेळी इंग्लंडचा राजा असलेल्या दुसऱ्या जॉर्जच्या काळात हे विद्यापीठ उभे राहिले, आणि त्याची घडी बसवली ती म्युन्शहाउझेन या मुत्सद्द्याने. त्या काळी युरोपातील विद्यापीठांत धर्मशास्त्राच्या विद्याशाखेचा इतर शाखांवर वचक असे. म्युन्शहाउझेनने इतर शाखांचे लेखन तपासण्याचा अधिकार तिला दिलाच नाही. ग्रंथालय हे पुस्तके कुलुपात ठेवण्याचे ठिकाण नसून अभ्यासकांनी रोज वापरण्याची जागा आहे, हेही तिथे सुरुवातीपासून मानले गेले. १७३८ साली गेस्नर या भाषापंडिताने तिथे ‘सेमिनार’ सुरू केला. प्राध्यापकाने वाचून दाखवावे आणि विद्यार्थ्यांनी उतरवून घ्यावे, ही रीत बाजूला ठेवून विद्यार्थ्याने स्वतः मूळ संहिता हाती घ्यावी, तिच्यावर मत मांडावे आणि ते सर्वांसमोर तपासून घ्यावे, अशी ती पद्धत होती. आज तुमच्या वेळापत्रकात ‘सेमिनार’ असे लिहिलेले दिसेल, तेव्हा त्यामागे जवळजवळ तीनशे वर्षांची ही सवय उभी आहे हे ध्यानात ठेवा.

पुढे गाउस, रीमान, हिल्बर्ट ही नावे इथल्या गणिताशी जोडली गेली. एमी न्योटर यांना स्त्री असल्यामुळे स्वतःच्या नावाने शिकवण्याची परवानगी मिळत नव्हती, म्हणून काही वर्षे त्यांची व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावाखाली जाहीर होत. १९१९ साली त्यांना अध्यापनाचा अधिकार मिळाला. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर न्योटर, माक्स बोर्न, रिशार्ड कूरांट अशा ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना पदे सोडावी लागली आणि जगभरातून विद्यार्थी जिथे येत होते तो गणित-भौतिकशास्त्राचा संसार काही महिन्यांत विस्कटला. त्याही आधी, १८३७ साली, राजाने राज्यघटना रद्द केली म्हणून सात प्राध्यापकांनी निषेध नोंदवला आणि त्या सातही जणांना बडतर्फ करण्यात आले. भाषा आणि लोककथांचे अभ्यासक असलेले ग्रिम बंधू त्यांच्यापैकीच. मध्यवर्ती ग्रंथालय ज्या चौकात आहे त्याला या सात जणांचे नाव आहे.

मराठी वाचकासाठी एक धागा आणखी जवळचा आहे. फ्रान्झ कीलहॉर्न हे संस्कृतपंडित १८६६ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होते. पुण्यातील शास्त्र्यांच्या सहवासात त्यांनी व्याकरणाचा अभ्यास पक्का केला, नागोजीभट्टाच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे संपादन आणि भाषांतर केले, आणि पतंजलीच्या ‘महाभाष्या’ची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. १८८२ साली ते गॉटिंगेनला संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि १९०८ साली निधन होईपर्यंत तिथेच राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना याच विद्यापीठाने १८८५ साली सन्मान्य डॉक्टरेट दिली. पुणे आणि गॉटिंगेन यांच्यामध्ये विद्येची ये-जा दोन्ही बाजूंनी होती, हे जाणून तिथे पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला उगाच दबून जाण्याचे कारण उरत नाही. आज तिथे आधुनिक भारताच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्रही आहे.

पहिले पाऊल : अभ्यासक्रम निवडणे

बॅचलर पातळीवरचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत आहेत, आणि बारावीनंतर लगेच थेट प्रवेश भारतीय विद्यार्थ्याला बहुधा मिळत नाही; त्याआधी भारतातील विद्यापीठात किमान एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे लागते किंवा जर्मनीतील पूर्वतयारीचा वर्षभराचा वर्ग करावा लागतो. म्हणून आपल्याकडून जाणारे बहुसंख्य विद्यार्थी मास्टर्सला जातात, आणि त्या पातळीवर इंग्रजीतून शिकवले जाणारे बरेच अभ्यासक्रम आहेत.

अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. प्रत्येक अभ्यासक्रमाची विषयपुस्तिका संकेतस्थळावर ठेवलेली असते. तिला जर्मनमध्ये ‘मोडूलहांडबुख’ म्हणतात. कोणता विषय किती क्रेडिटचा, परीक्षा लेखी की निबंधरूप, प्रवेशासाठी पदवीला कोणते विषय किती प्रमाणात झालेले हवेत, हे सारे त्यात आणि प्रवेशाच्या नियमावलीत लिहिलेले असते. मास्टर्सचा अर्ज नाकारला जाण्याचे एक मोठे कारण गुण कमी असणे हे नसून पदवीचे विषय जुळत नाहीत हे असते. त्यासाठी आपल्या पदवीच्या प्रत्येक विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम महाविद्यालयाकडून शिक्का घेऊन आधीच मिळवून ठेवावा. आपल्याकडे हे काम आठवड्याचे म्हणून सुरू होते आणि दोन महिने चालते.

गुणांचे रूपांतरही स्वतः करून पाहा. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्ण होण्यापुरता गुणांक असतो, म्हणजे आपल्या उलट. रूपांतराचे सूत्र सोपे आहे : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल आणि उत्तीर्ण यांच्यातील फरकाने त्याला भागा, आलेल्या उत्तराला ३ ने गुणा आणि त्यात १ मिळवा. दहापैकी ८.२ सरासरी आहे आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ आहे असे धरले, तर १.८ ला ६ ने भागून ०.३ येते, त्याची तिप्पट ०.९, आणि जर्मन गुणांक १.९. ज्या अभ्यासक्रमाला २.५ ची अट आहे तिथे हा विद्यार्थी निर्धास्तपणे अर्ज करू शकतो.

दुसरे पाऊल : एपीएस आणि अर्ज

भारतीय पदव्यांची छाननी करून प्रमाणपत्र देणारे ‘एपीएस’ हे कार्यालय नवी दिल्लीत आहे. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. काही ठरावीक शिष्यवृत्त्या मिळालेल्यांना त्यातून सूट आहे. प्रमाणपत्र हाती पडायला अनेक आठवडे लागतात आणि अर्ज अपुरा निघाला तर त्याहून अधिक. त्यामुळे ज्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिक्षण सुरू करायचे आहे त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत हा अर्ज गेलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका बाकी असेल तरी उरलेली सगळी कागदपत्रे तोवर तयार ठेवता येतात.

प्रत्यक्ष प्रवेशाचा अर्ज कुठे करायचा आणि त्याची मुदत कोणती, हे प्रत्येक विभाग स्वतः ठरवतो, आणि युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांची मुदत पुष्कळदा स्थानिक विद्यार्थ्यांच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपते. अर्जासोबतचे हेतुपत्र लिहिताना लहानपणापासूनची आवड, आईवडिलांचे कष्ट, देशसेवा यांवर परिच्छेद खर्च करू नयेत. त्या विभागात कोणत्या प्रश्नांवर काम चालते, त्यांपैकी कोणत्या प्रश्नाशी तुमचा पदवीचा प्रकल्प जोडला जातो आणि त्यासाठी तिथला कोणता विषय तुम्हाला हवा आहे, एवढे दीड पानात नेमकेपणाने सांगितले की पुरे. वाचणारा स्वतः संशोधक असतो. तो प्रश्न शोधत असतो, प्रशस्ती नव्हे.

अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी जर्मन शिकायला इथूनच सुरुवात करावी. पुण्यात आणि मुंबईत माक्स म्युलर भवन आहे, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. निदान ए-टू पातळी (सहा पायऱ्यांपैकी दुसरी) गाठून गेलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या महिन्यातील निम्मी धास्ती कमी होते, कारण घरमालकाचे पत्र, विमा कंपनीची सूचना आणि नगरपालिकेचा फॉर्म हे तिन्ही जर्मनमध्येच येतात.

तिसरे पाऊल : पैसा आणि व्हिसा

लोअर सॅक्सनी राज्याने २०१४-१५ च्या हिवाळी सत्रापासून शिक्षणशुल्क रद्द केले, त्यामुळे गॉटिंगेनमध्ये भारतीय विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. याउलट हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. विद्यापीठ निवडताना हा फरक जमेस धरावा. मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे समजू नये. दर सत्राला एक वर्गणी भरावी लागते. तिच्यात विद्यार्थी संघटना, भोजनालये-वसतिगृहे चालवणारी संस्था आणि प्रवासाचे तिकीट यांचा वाटा असतो.

व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम ‘श्पेरकोन्टो’ नावाच्या बंदिस्त खात्यात आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो आहे. तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेला हे आधीच समजावून सांगावे लागते, कारण कर्जाची रक्कम महाविद्यालयाच्या नावे जाते अशीच आपल्याकडच्या शाखांची सवय असते आणि इथे ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जायची असते. महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यार्थ्यांच्या व्हिसाचे काम मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाकडे असते. प्रवेशपत्र आल्यावर एकही दिवस न दवडता त्यासाठी अर्ज करावा.

आरोग्य विमा सक्तीचा आहे. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा विद्यार्थ्यांसाठीच्या दराने, महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंत मिळतो. तिशी ओलांडलेल्यांना हा दर मिळत नाही आणि त्यांना बहुधा खासगी विमा घ्यावा लागतो. अशांनी आपला खर्च वेगळा मांडावा. स्वस्त म्हणून प्रवासी विम्यावर वर्षभर निभावून नेण्याचा विचार मनातही आणू नये, कारण विद्यापीठाची नावनोंदणी त्यावर होत नाही.

चौथे पाऊल : डोक्यावर छप्पर

हे पाऊल सगळ्यांत अवघड आहे आणि याच ठिकाणी नवखे विद्यार्थी फसवले जातात. ऑक्टोबर हा सत्रारंभाचा महिना असल्यामुळे सप्टेंबरात प्रत्येक खोलीमागे अर्जांची रीघ लागते. प्रवेशपत्र आले त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीत नाव घालावे. दुसरा मार्ग म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेले घर, ज्याला तिथे ‘वे-गे’ म्हणतात. अशा घरात राहणारी मुले तुमच्याशी व्हिडिओवर बोलून निवड करतात. त्यांना तुमचे गुण नको असतात, स्वयंपाकघर स्वच्छ ठेवाल का आणि सोबत जेवायला बसाल का, हे पाहायचे असते.

जाहिरातीत ‘काल्ट’ म्हणजे निव्वळ भाडे आणि ‘वार्म’ म्हणजे घर गरम ठेवण्याचा खर्च, पाणी वगैरे धरून येणारे भाडे. तुलना नेहमी वार्म भाड्याची करावी. अनामत रक्कम कायद्याने निव्वळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. घर प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओवर पाहण्याआधी, करारावर सही होण्याआधी, ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे सांगणाऱ्याला एक युरोही पाठवू नये. असे सांगणारा माणूस हमखास भामटा असतो.

पाचवे पाऊल : पहिला पंधरवडा

फ्रँकफर्टला उतरून वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत गॉटिंगेन गाठता येते. त्यानंतरच्या कामांना एक क्रम आहे आणि तो मोडला की पुढचे सगळे अडते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. तिला ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाने ‘ही व्यक्ती या तारखेपासून इथे राहते’ असे लिहून दिलेला सहीचा कागद लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, हे पुष्कळांना खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळते. नवी नगरपालिका हिरोशिमाप्लाट्स या चौकात आहे. भेटीची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवता आली तर उत्तम. नोंदणीचा दाखला मिळाला की बँकेचे खाते, मग बंदिस्त खात्यातून पैसे, मग भाडे आणि विमा, अशी एकेक गाठ सुटत जाते. काही आठवड्यांत कराचा क्रमांक टपालाने येतो. तो जपून ठेवावा, कारण पुढे कोणतेही काम मिळाले की तो मागतात.

टपालपेटीवर आपले आडनाव लावणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पहिल्याच दिवशी करा. तिथे टपाल खोलीच्या क्रमांकावर येत नाही, नावावर येते. पेटीवर कुलकर्णी किंवा शिंदे असे लिहिलेले नसेल तर बँकेचे कार्ड परत जाते.

घरटी १८.३६ युरो असे रेडिओ-दूरदर्शनचे मासिक शुल्क असते. त्याचे पत्र आले की ते फसवे समजून फेकू नका. एका घरात एकानेच भरायचे असल्यामुळे सोबत्यांमध्ये वाटून घ्या. व्हिसाची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा.

सहावे पाऊल : शिकायला शिकणे

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, पण तासिका साधारण महिन्याच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत चालतात. उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होते आणि त्याच्या तासिका जुलैच्या मध्याच्या आसपास संपतात. मधल्या काळाला सुट्टी म्हणून गावी जाणारा विद्यार्थी अडचणीत येतो, कारण परीक्षा, दीर्घ निबंध आणि प्रयोगशाळेतील काम नेमके तेव्हाच असते.

वेळापत्रकात १० वाजता असे लिहून पुढे ‘सी. टी.’ अशी लॅटिन अक्षरे असली, तर वर्ग १० वाजून १५ मिनिटांनी सुरू होतो, ‘एस. टी.’ असे असेल तर ठोक्याला. ही ‘शैक्षणिक पंधरा मिनिटांची’ जुनी प्रथा आहे. मात्र ती पंधरा मिनिटे संपल्यावर आत शिरणे असभ्य समजले जाते. व्याख्यान संपले की टाळ्या वाजत नाहीत. विद्यार्थी बोटांच्या सांध्यांनी बाकावर टकटक करतात. शंभर-दीडशे जणांच्या सभागृहात ती टकटक पहिल्यांदा ऐकली की पत्र्यावर पावसाची सर आल्यासारखे वाटते, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आपलाही हात आपोआप बाकावर जातो.

खरी कसोटी सेमिनारमध्ये लागते. एका लांब मेजाभोवती बारा-पंधरा जण बसलेले असतात. आठवड्याआधी चाळीस पानांचा लेख वाचायला दिलेला असतो. ज्याची पाळी आहे तो वीस मिनिटे त्यावर बोलतो, प्राध्यापिका वहीत काहीतरी टिपतात, आणि मग त्या मेजाकडे पाहून एवढेच विचारतात की लेखकाचे दुसरे प्रमेय तुम्हाला पटले का. त्यानंतर जी शांतता पसरते ती मोडण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांची असते. आपल्याकडे गुरूंचे म्हणणे सर्वांसमोर खोडणे हा उद्धटपणा मानला जातो, म्हणून हुशार मुलेही पहिले सत्रभर गप्प बसतात आणि तिथे गप्प बसण्याचा अर्थ एकच घेतला जातो : वाचून आलेला नाही. ‘मला हे पटत नाही, कारण सतराव्या पानावरचा पुरावा वेगळे सांगतो’ असे शांतपणे म्हणणाऱ्याला तिथे मान मिळतो. सुरुवातीला धीर होत नसेल तर एक उपाय करा. वाचताना दोन प्रश्न वहीत पूर्ण वाक्यांत लिहून न्या आणि त्यांतला एक पहिल्या अर्ध्या तासातच विचारून टाका. उशीर केला की तो दुसरा कोणीतरी विचारतो.

संबोधनाचा प्रश्न मराठी माणसाला फारसा कठीण जाऊ नये. जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘दू’ यांत साधारण आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’ एवढेच अंतर आहे. प्राध्यापकांना नेहमी ‘झी’ म्हणावे, विद्यार्थी आपसांत पहिल्या भेटीपासून ‘दू’ म्हणतात. पत्रात आडनावासह पदवी लिहावी, ‘रिस्पेक्टेड सर’ असे लिहू नये. प्राध्यापकांना भेटण्यासाठी आठवड्यातील एक ठरावीक वेळ असते, तिला ‘श्प्रेखश्टुंडे’ म्हणतात. तिथे पंधरा मिनिटांत बोलायचे असते, म्हणून प्रश्न आधी ई-मेलने पाठवावा.

या साऱ्यात कोणीही तुमच्या मागे लागणार नाही, हे मनात पक्के ठसवून घ्या. पुष्कळ व्याख्यानांना हजेरीची सक्ती नसते, वर्गशिक्षक नसतो, घरी पत्र जात नाही. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते आणि मास्टर्सला १२० क्रेडिट लागतात. याचा अर्थ एका सत्रात ३० क्रेडिट घेतले तर वर्गातले तास सोडून उरलेले शेकडो तास तुम्ही स्वतः नेमायचे आहेत. ते नेमण्याची उत्तम जागा म्हणजे ग्रंथालय. मध्यवर्ती इमारतीत शिरताना थंडीचा जाड कोट आणि पाठीवरची पिशवी खालच्या लॉकरमध्ये ठेवायची, लॅपटॉप, वही आणि पाण्याची बाटली तेवढी हातात घ्यायची, आणि सकाळी लवकर खिडकीपाशी जागा धरायची, असा तिथल्या जाणत्या विद्यार्थ्यांचा क्रम असतो. परीक्षांच्या दिवसांत दहानंतर जागा मिळणे कठीण. गावातल्या जुन्या पाउलिनर चर्चच्या वास्तूत ऐतिहासिक संग्रह आहे. गुटेनबर्गने चर्मपत्रावर छापलेल्या बायबलची संपूर्ण प्रत या विद्यापीठाकडे आहे. पहिल्याच महिन्यात ग्रंथपालांचा सूची वापरण्याचा वर्ग करून घ्या. एका तासाच्या त्या वर्गाने पुढच्या दोन वर्षांतले कितीतरी दिवस वाचतात.

सातवे पाऊल : परीक्षा आणि दीर्घ निबंध

विषयाच्या तासांना बसलो म्हणजे परीक्षेलाही आपोआप बसलो, हा समज भल्याभल्यांना भोवतो. प्रत्येक परीक्षेसाठी ऑनलाइन प्रणालीत स्वतंत्र नोंदणी करावी लागते, तिची अंतिम तारीख असते, आणि ती उलटल्यावर विनंतीअर्जाने काही साधत नाही. तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव मागे घेता येते. मात्र नाव नोंदवून न गेल्यास नापास धरतात. आजारी पडल्यास डॉक्टरचा दाखला तत्काळ द्यावा लागतो. नापास झालेली परीक्षा पुन्हा देण्याच्या संधी मोजक्याच असतात आणि त्या संपल्या तर तो अभ्यासक्रम कायमचा सोडावा लागू शकतो. म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या तारखा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. पुढच्या सत्राची वर्गणी भरण्याची तारीखही त्याच कागदावर हवी. ती चुकली तर विद्यापीठातील नावच कमी होते आणि त्याबरोबर राहण्याचा परवानाही धोक्यात येतो.

मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत लेखी परीक्षेऐवजी पंधरा-वीस पानांचा ‘हाउसआर्बाइट’ लिहायचा असतो. त्यात विषयाची सर्वसाधारण माहिती चालत नाही. एक नेमका प्रश्न आणि त्याचे पुराव्यानिशी उत्तर लागते. लिहायला बसण्याआधी तो प्रश्न आणि प्रकरणांची रूपरेषा प्राध्यापकांना दाखवून मान्य करून घ्यावी. दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हाशिवाय उचलणे हा तिथे गंभीर अपराध आहे, आणि ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ अशा प्रतिज्ञेवर सही करून निबंध द्यायचा असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कितपत वापरता येतात, याचे नियम विषयागणिक वेगळे असतात; ते लेखी विचारून घ्यावेत.

काम, जेवण, हिवाळा

विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातील संशोधन-साहाय्यकाचे काम या मर्यादेत मोजले जात नाही, आणि हॉटेलात ताटल्या विसळण्यापेक्षा ते सर्वार्थाने चांगले. त्यासाठी जाहिरातीची वाट न पाहता, ज्यांच्या सेमिनारमध्ये तुम्ही बोलता आहात त्यांनाच विचारावे. पहिल्या सत्रात मात्र काम धरू नये, हा माझा आग्रह आहे.

विद्यार्थी भोजनालयात विद्यार्थी-ओळखपत्रानेच पैसे देता येतात आणि शाकाहारी जेवणही असते. मध्यवर्ती भोजनालय ग्रंथालयाजवळ आहे, विज्ञानशाखांसाठी उत्तरेच्या परिसरात दुसरे. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी आणून ठेवावी. गाव लहान आहे, जुनी सायकल घेतली की बसची फारशी गरज पडत नाही. डिसेंबरात संध्याकाळी चारच्या सुमारास अंधार पडतो आणि आठवडाभर सूर्य दिसत नाही. त्या दिवसांत पुष्कळांचे मन खचते. दुपारी अर्धा तास तरी जुन्या तटबंदीवरच्या झाडांच्या रस्त्याने चालावे, आणि झोप किंवा भूक बिघडली तर विद्यार्थ्यांच्या समुपदेशन केंद्राकडे जायला लाजू नये. हिवाळ्यात भारतातली वेळ साडेचार तास पुढे असते, म्हणून घरी फोन दुपारीच करावा. तिथली रात्र झाली की इकडे आईवडील झोपलेले असतात.

शेवटचे पाऊल : प्रबंध आणि निरोप

प्रबंधाचा विषय शेवटच्या सत्रात शोधायला निघू नये. दुसऱ्या सत्राअखेर मार्गदर्शक ठरलेले असावेत, कारण चांगल्या मार्गदर्शकांकडे जागा थोड्या असतात. गॉटिंगेनमध्ये माक्स प्लांक संस्थाही आहेत, तिथे प्रयोग करून विद्यापीठात प्रबंध सादर करण्याची सोय अनेक विज्ञानशाखांत आहे. पुढे डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी एक देखणी प्रथा आहे. जुन्या नगरसभागृहासमोर १९०१ साली बसवलेल्या कारंज्यावर ‘गेन्झेलीझेल’ नावाच्या, हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. डॉक्टरेट मिळालेल्या विद्यार्थ्याला मित्रमंडळी सजवलेल्या गाडीत बसवून तिथे आणतात. तो वर चढतो, तिला फुले देतो आणि तिच्या गालाचा मुका घेतो. १९२६ साली नगरपालिकेने यावर बंदी घातली होती, तरी प्रथा थांबली नाही.

पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत राहण्याचा परवाना मिळू शकतो. त्यासाठी जुना परवाना संपण्याआधी अर्ज करावा. भारतात परतणार असाल तर पदवीपत्र आणि गुणपत्रिकेच्या प्रमाणित प्रती तिथेच करून घ्याव्यात, ग्रंथालयाची पुस्तके परत करावीत, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि नगरपालिकेत पत्ता सोडल्याची नोंद करावी. खोली सोडताना भिंतींचे, मोरीचे आणि चुलीचे फोटो काढून घरमालकाच्या सहीचा ताबापत्राचा कागद घ्यावा. अनामत रक्कम वर्षभराच्या बिलांचा हिशेब होऊन कित्येक महिन्यांनी परत येते, तेव्हा ती जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नये.